पोलिओत भाजलेलं कळतं

वडील गेले त्यानंतरच्या दिवसांत मी रोजची कामं करत होते, पण मन कशातच नव्हतं. आंघोळीला बसताना पाण्याचा अंदाज घ्यायला मी नेहमी उजवं पाऊल पुढे करते. त्या सकाळी ते विसरले आणि तांब्याभर कढत पाणी सरळ डाव्या पावलावर ओतलं. काही कळलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्यासोबत काम करणाऱ्या बाई दुपारी खाली बघून ओरडल्या, "अहो, पायाला काय झालंय तुमच्या?" पावलाच्या वरच्या बाजूला मोठा फोड येऊन फुटला होता आणि चपलेचा पट्टा त्याला चिकटला होता.

सोलापुरात सात रस्त्याजवळ एका तरुण डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. तिथे गेले. जखम पुसता पुसता त्यांनी विचारलं, "इतकं भाजलं, आणि दुपारपर्यंत कळलं नाही?"

"त्या पायाला लहानपणी पोलिओ झालाय," मी म्हणाले. हे वाक्य मी जन्मभर म्हणत आले आहे. बसमध्ये, शाळेत, लग्नाची बोलणी मोडली तेव्हाही.

त्यांचा हात थांबला. "पोलिओत भाजलेलं कळतं हो मॅडम. पाय लुळा पडतो, स्पर्श जात नाही."

मला झोपवून त्यांनी कापसाची वात नडगीवरून खाली फिरवली. गुडघ्याखालची बाहेरची बाजू आणि पावलाची वरची बाजू, एवढ्या भागात मला काही समजत नव्हतं. तळव्याला मात्र गुदगुल्या झाल्या. पाऊल वर उचला म्हणाल्या. ते उचलत नाही. खाली दाबा म्हणाल्या; दाबलं. मग त्यांनी मला कुशीवर वळवलं आणि डाव्या कुल्ल्यावर बोट ठेवून विचारलं, "लहानपणी इथे इंजेक्शन दिलं होतं का कुणी?"

त्यांनी नीट समजावून सांगितलं. कमरेतून निघणारी एक जाड नस कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरते. गुडघ्याच्या वर तिचे दोन फाटे होतात. एक पोटरीकडे जातो. दुसरा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बारीक हाडाच्या डोक्याला वळसा घालून पुढे येतो आणि पाऊल उचलणाऱ्या स्नायूंना चालवतो. कुल्ल्यावर सुई द्यायची ती वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यात. लहान मुलाच्या अंगावर मांस कमी, जरा खाली-आत गेली की नसेत.

"कुल्ल्यात सुई लागली तरी मार बसतो तो बहुतेक दुसऱ्या फाट्याच्या धाग्यांनाच," त्या म्हणाल्या. "तुमची पोटरी चांगली आहे बघा. आतल्या बाजूचा स्नायू तर उत्तम आहे. वेळेवर ऑपरेशन करून त्याची दोरी पुढे आणून बसवली असती, तर पाऊल उचललं असतं. कुणी दाखवलं नाही का तुम्हाला?"

"आता होईल?"

त्यांनी घोटा धरून वाकवून पाहिला. "आता सांधा आखडलाय."

मी कपडे सारखे करून उठले. माझे वडील, आण्णा, सांगोला तालुक्यातल्या आमच्या गावी एका दवाखान्यात कंपाउंडर होते. गावात सुई तेच देत.

ते रोज माझ्या पायाला तेल लावत. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून, एक टोक बुटाला आणि दुसरं गुडघ्याखाली बांधून त्यांनी माझं लोंबणारं पाऊल वर धरलं होतं. पोरं "आली रे फटफटी" म्हणून ओरडत. त्या पट्टीमुळे पाऊल आपटण्याचा फट्‌फट् आवाज कमी झाला. तेल लावताना ते पावलावर बोट टेकवून विचारायचे, "हितं कळतंय का गं?" मी नाही म्हणायचे. पुन्हा थोडं वर, "आन हितं?" मला तो आमचा खेळ वाटायचा. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं, ते तपासत होते. म्हणजे त्यांना माहीत होतं.

पोलिओचे डोस सुरू झाले तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. लोक पोरांना घेऊन येईनात. आण्णा मला वस्तीवस्तीवर नेत आणि सलवार गुडघ्यापर्यंत वर करून उभं करत. "माझ्या पोरीचा पाय बघा, आन मग ठरवा," म्हणत. मला लाज वाटायची, पण आपला पाय कुणाच्या तरी उपयोगी पडतोय याचा अभिमानही वाटायचा.

घरी आले तेव्हा आई शेंगा फोडत बसली होती. आण्णा गेल्यापासून ती माझ्याकडे सोलापुरातच आहे. मी उभ्या उभ्याच विचारलं, "मला सुई कुणी दिली होती?"

तिनं शेंगा फोडायचं थांबवलं नाही. "कोण बोललं तुला?"

"पायच बोलला."

तिनं टरफलं बाजूला केली आणि म्हणाली, "ताप हुता तुला. सुईबिगर ताप कुटं उतरतोय, म्हनून मीच तगादा लावला. तू लई हिसके देत हुतीस. मीच धरली हुती तुला."

"आणि पोलिओ?"

"त्याच सालात गावात दोन पोरास्नी झाल्ता. लोकच म्हनाया लागले. आमी न्हाय म्हनलं न्हाय."

"कुणा डॉक्टरला दाखवलं नाही?"

"दवाखान्याचे डागदरच म्हनले, मिरजेच्या मोठ्या हास्पिटलात न्या, काय हुतंय का बघतील. पर तितं इचारतील, सुई कुणी दिली. दवाखान्याचं नाव जाईल, तुज्या बापाची नोकरी जाईल." तिनं सूप झटकलं. "मग ऱ्हायलं ते."

"ऱ्हायलं?"

"तुला सांगून काय पाय आला असता व्हय?"

"आला असता, आई. तोच तर आला असता."

ती रडली नाही, मीही नाही. एकच गोष्ट मला जाणून घ्यायची होती. आण्णांचा मला कधी सांगायचा विचार तरी होता का? तो असला, तर मी त्यांच्यासाठी रडू शकेन असं मला वाटत होतं. आई म्हणाली, "माझ्यापाशी कधी बोलले न्हाईत. तुज्या आत्याला इचार."

वर्षश्राद्धाला गावी गेलो. दारात मांडव घातला होता. बायकांची पंगत बसली आणि आण्णांच्या थोरल्या बहिणीनं, माझ्या आत्यानं, शेजारच्या सुनांना सांगायला सुरुवात केली. "पोलिओची पोर, पर सायकलवर बसवून शाळंत न्यायचा. असा बाप व्हनार न्हाय."

"आत्या," मी म्हणाले, "पोलिओ नव्हता. आण्णांचीच सुई लागली होती."

सुना ताटात बघू लागल्या. आई भात वाढत होती, ती तशीच पुढच्या पानाकडे सरकली. मला वाटलं होतं आत्या चिडेल. तिनं घास गिळला आणि पाण्याचा घोट घेतला.

"ठावं हाय की," ती म्हणाली.

"कुणाला?"

"सगळ्या म्हाताऱ्यास्नी. ह्या पोरी नव्या हायत्या, ह्यास्नी न्हाय."

"मग माझा पाय बघून पोरांना डोस कसा पाजलात?"

"अगं, डोस चांगला हुता की! खोटं तुज्या पायाचं हुतं."

एक सून फसकन हसली आणि पदर तोंडाला लावला. मलाही क्षणभर हसू आलं. मग त्या ओसऱ्या, त्या बायका, माझ्या नडगीकडे बघून हळहळणारे त्यांचे चेहरे मला आठवले. त्यांतल्या कितीतरी जणींना माहीत होतं, आणि त्या हळहळल्या होत्या.

हात धुतल्यावर मी आत्याला मोरीपाशी गाठलं. "आण्णा मला कधी सांगणार होते का गं?"

तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. "एकदाच बोलला. तू बीए झालीस, पेढं घेऊन आला तवा. म्हनला, आक्का, आता सांगून टाकतो तिला."

"मग?"

"मग काय. पेढं दिलं, च्या प्याला. जाताना म्हनला, नको, आता लई शिकली ती. एवढी पुस्तकं वाचती, तिचं तिला घावंल कुटंतरी."

ती पदराला हात पुसत आत गेली. माझ्या ग्रंथालयात वैद्यकाच्या पुस्तकांचं एक कपाट आहे. कुणी मागितलं तर पुस्तक काढून देते, परत आलं की जागेवर ठेवते. मी त्यातलं एकही कधी उघडलं नाही. आपल्या पायाचं मला माहीतच होतं, ते आण्णांनी सांगितलं होतं.