खाडीकाठचं गोड पाणी

“समुद्राला निघाली आहे म्हातारी, आणि पाणी घरून आणलंय!”

मचव्यात, म्हणजे त्या शिडाच्या होडीत, माझ्या मागे बसलेली बाई शेजारणीच्या कानात म्हणाली. दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या माझ्या आत्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मांडीत तांब्याची कळशी, तिच्या तोंडाला घट्ट बांधलेलं ओलं फडकं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मी ऐकलं आणि खाली बघत राहिले.

आमच्या घरी त्यांना माणच्या आत्या म्हणत. माझ्या वडिलांची, आबांची, ही थोरली बहीण म्हसवडच्या पलीकडे एका वाडीत दिली होती. तिकडे उन्हाळ्यात माण नदीच्या कोरड्या वाळूत झरे उकरायचे आणि वाटीवाटीनं कळशी भरायची. त्यामुळे आत्या साताऱ्याला आमच्याकडे आल्या की पहिल्यांदा नळाखाली भांडं ठेवत. “धाकल्या, तुज्या घरात पानी रडतंय की रं,” असं आबांना म्हणत. तोंड धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं पाणी केळीला. आत्यांच्या हातून पाणी सांडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि घरून भरलेली कळशी बरोबर असल्याशिवाय त्या वेशीबाहेर पाऊल टाकत नसत.

मी पाचगणीला मडमांच्या शाळेत शिकत होते. माझं मराठी घराबाहेर अडखळायचं आणि कुणी हसेल या धाकानं मी चारचौघांत तोंडच उघडत नसे. आत्या मला ‘मडमबाई’ म्हणत. “मडमबाई, तुज्या साळंत समदं शिकवत्यात म्हनं. बोलायचं कवा शिकवनार?” मी नुसती हसत असे. त्याही हसत आणि मला जवळ ओढत.

माझी ताई दाभोळला दिली होती. तिच्या मुलाच्या बारशाला आम्ही तिघं निघालो होतो, आबा, आत्या आणि मी. आत्यांचं आणखी एक काम होतं. “ढग कुटं पानी भरत्यात, ती जागा मला बगायची हाय,” त्यांनी आबांना सांगितलं होतं. “आमच्याकडं येत्यात तवा रिकामंच असत्यात. भरल्यालं कवाच दिसलं न्हाईत.”

लढाईचे दिवस होते. पेट्रोल नव्हतं. कोळशाच्या गॅसवर चालणारी आमची मोटार कुंभार्ली घाटात दोनदा बंद पडली. चिपळूणच्या बंदरावर पोचलो तेव्हा मचवा आमच्यासाठी खोळंबला होता. “ओहोटीच्या आधी निघायचं होतं,” तांडेल आबांना म्हणाला. तांडेल म्हणजे मचव्याचा मुख्य. त्यानं घाईनं दोर सोडला.

त्यानंतरचे दोन तास मी विसरणार नाही. दोन्ही काठांना पाण्यातच झाडं उभी होती, मुळं वर काढून, जणू लुगडी खोचून उभ्या बायका. पुढे डोंगर आडवा यायचा. वाटायचं, संपली वाट. मग मचवा वळायचा आणि डोंगर बाजूला सरून पाणी आणखी रुंद व्हायचं. एका वळणावर एक झाड पांढरं दिसलं. जवळ गेलो तर ते सगळं झाड उडालं. बगळे होते. चिखलावर पडलेला एक ओंडका आमच्याकडे बघत सावकाश पाण्यात उतरला तेव्हा त्या हसणाऱ्या बाया किंचाळल्या. आत्या मात्र हात जोडून बसल्या होत्या. “एवढं पानी,” त्या हळूच म्हणाल्या, “आन कुनी राखन बी करत न्हाई?”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “मडमबाई, ही नदीच न्हवं?”

मी होकाराची मान हलवली. नदीच होती ती.

“म्हंजी पियाला चालतंय?”

सगळा मचवा माझ्याकडे बघू लागला. मला उत्तर ठाऊक होतं. समुद्राचं पाणी भरतीबरोबर नदीत वर चढतं, हे मी नकाशा काढून शिकले होते. आबा तांडेलाजवळ पुढच्या टोकाला बसले होते. ‘नाही’ म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, त्या सगळ्यांसमोर, माझ्या त्या मराठीत. मान हलवली की काहीच बोलावं लागत नव्हतं. मी पुन्हा मान हलवली.

आत्यांनी फडकं सोडलं. कळशी काठावर टेकवली आणि एक थेंबही न उडवता सगळं पाणी खाडीत सोडलं. “घे बाई,” त्या म्हणाल्या, “मानचं पानी हाय, लय लांबनं आनलंय. ढगात भर आन तिकडंच धाड.” मागच्या बायांचं हसणं थांबलं. माझ्या अंगावर काटा आला. तो भक्तीचा होता की भीतीचा, मला सांगता येत नाही.

तासाभरात मचवा चिखलाला लागला. बघता बघता पाणी दोन्ही काठांपासून मागे हटलं आणि आम्ही जमिनीवर बसल्यासारखे बसलो. “आता भरती येईपर्यंत इथंच,” तांडेल म्हणाला. “यांची मोटार वेळेवर आली असती तर…” मचव्यावरचं पाण्याचं मडकं केव्हाच संपलं होतं. ऊन चढलं. मागच्या बाईची लहान मुलगी पाणी पाणी करू लागली.

आत्यांनी मचव्याच्या एका अंगाला उरलेल्या पाण्यात वाकून कळशी बुडवली आणि आधी तिलाच पाजलं. पोरीनं तोंड वाकडं केलं आणि थुंकली. आत्यांनी ओंजळ तोंडाला लावली.

तो चेहरा मला अजून दिसतो.

“आजी, तुमचं गोड पाणी मासे प्यायले!” कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. आत्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं होतं, हे त्या कुणालाच बोलल्या नाहीत. “माजीच चूक,” एवढंच त्या म्हणाल्या. आताच सांगावं, असं मला वाटलं. मी पायाशी पडलेलं फडकं उचलून त्याच्या घड्या घालत बसले.

मग आत्या काठाकडे बघू लागल्या. डोंगराच्या पायथ्याशी थोडी वाळू होती, तिच्या वरच्या कातळावर एक हिरवी रेघ. “तितं शेवाळ हाय,” त्या म्हणाल्या. “चल गं.”

“आजी, तिथं खारंच लागेल,” तांडेल म्हणाला. “आणि ती सुसर बघितलीत ना?”

“तिला म्हनावं, तुजं तुला, आमचं आमाला,” असं म्हणून आत्यांनी लुगडं खोचलं. कळशी आणि एक करवंटी घेऊन आम्ही चिखल तुडवत काठाला गेलो.

कातळाखाली हातभर वाळू त्यांनी उकरली. गढूळ पाणी आलं. चाखून फेकलं. पुन्हा आलं, पुन्हा उपसलं. “थांब, झऱ्याला दम खाऊ दे,” त्या म्हणाल्या. चौथ्या वेळी त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटले. मला करवंटी दिली. वीस पावलांवर खारी खाडी, आणि या हातभर खड्ड्यात हिरड्या शिवशिवाव्यात असं गार, गोड पाणी! जे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं, ते आत्यांच्या हातांना ठाऊक होतं.

मचव्यात पहिली करवंटी त्या पोरीला मिळाली. तिच्या आईनं आत्यांच्या पायांना हात लावला. तांडेलानं डोक्यावरचा रुमाल काढला. “अर्धं आयुष्य इथून ये-जा करण्यात गेलं माझं,” तो म्हणाला आणि ओंजळ पुढे केली.

दुपार कलली आणि भरती आली. आधी फेसाची बारीक दोरी, मग सगळी नदी उलटी, डोंगराकडे वाहू लागली. आत्या ताडकन उठून उभ्या राहिल्या. “माघारी आलं!” त्या ओरडल्या. “अगं, गेल्यालं पानी माघारी आलं!” दाभोळच्या तोंडाशी समुद्र दिसला तेव्हा मात्र त्यांचे हात जोडायचेही राहून गेले.

पुढे कुणीही विचारलं की आत्या ही गोष्ट सांगत. बगळे, सुसर, माघारी आलेलं पाणी, सगळं. पण झऱ्याचं एका वाक्यात उरकत आणि शेवट स्वतःवरच करत: “आमी अडानी, ग्वाड पानी खाऱ्यात वतलं.” लोक हसत. मी तिथं असले की भिंतीकडे बघत असे.

गेल्या वर्षी, पुण्याला शिकायला जाण्याआधी, मी त्यांना भेटायला वाडीला गेले. ती आमची शेवटची भेट ठरली. दुष्काळाचं साल होतं. ओट्यावर शेजारच्या सात-आठ बाया होत्या आणि तीच गोष्ट चालली होती. शेवट आला. बाया हसल्या. आत्याही हसल्या, मग हाताकडे बघत पुटपुटल्या, “जल्मभर थेंब थेंब राखला, आन ह्याच हातानं कळशी वतली. त्येचंच ह्ये फळ आसंल.”

मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“चूक आत्यांची नव्हती. त्यांनी मला विचारलं होतं. पाणी खारं आहे, हे मला माहीत होतं, आणि तरी मी हो म्हणून मान हलवली.”