दोन कंपन्या, एक खांब

हे लिहायचा अधिकार मला आहे की नाही, याची खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तेही अजून पूर्ण झालेलं नाही. त्यात विषय राउटरचा. आठवणी लिहिणाऱ्यांकडे सांगण्यासारखं काही मोठं असतं. माझ्याकडे एक काळा डबा आणि दोन तारा एवढंच आहे. वाचणाऱ्यांचा वेळ वाया गेला तर आधीच माफी मागून ठेवतो.

मी लातूरला कॉम्प्युटर सायन्स शिकतो. आमचं गाव नायगाव तालुक्यात. नायगावात माझे मामा राहतात आणि घराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका चालवतात. पोलीस भरती, तलाठी, बँक अशा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली तिथे दिवसभर बसतात. सराव परीक्षा आता ऑनलाइन असतात. मध्येच इंटरनेट गेलं की मुलं जिना उतरून खाली येत आणि मामांच्या तोंडाकडे बघत उभी राहत. म्हणून मामांनी दुसऱ्या कंपनीचंही कनेक्शन घेतलं. पण एक बंद पडलं की वर जायचं, एक तार काढायची, दुसरी लावायची. तोवर पेपर हातचा गेलेला असायचा.

माझी धाकटी बहीण त्याच अभ्यासिकेत बसायची. बारावी झाली होती. पुण्याची एक संस्था मुलींना पदवीपर्यंत फी आणि वसतिगृह देते. त्यांच्या पहिल्या निवडीत ती बसली होती, ऑनलाइन मुलाखत राहिली होती. मुलाखत मध्येच तुटली तर पुन्हा घेणार नाही, असं संस्थेनं आधीच कळवलं होतं. आमच्या गावी घरात एका खिडकीपाशी रेंज येते, तीही तिच्या मनाला वाटलं तर. वडिलांचं म्हणणं असं की दोघांना बाहेर ठेवून शिकवणं झेपणार नाही. हे मिळालं तर जा, नाहीतर घरी राहून बाहेरून बी.ए. कर. ते रागानं बोलले नव्हते, त्यामुळे तिला भांडताही आलं नाही.

एके दिवशी मामांचा फोन आला. "तू कॉम्प्युटरच शिकून राहिलास ना? मग दोन्ही लाइनी घेणारा राउटर तूच आण. पोरीची मुलाखत त्याच्यावरच होणार हाय."

मी "हाव, आणतो" म्हणालो. नेटवर्किंगच्या पेपरात मला बरे मार्क होते, पण राउटर विकत असा मी कधी घेतला नव्हता.

लातूरच्या दुकानदारानं आठ अँटेनांचा एक समोर ठेवला. मी फोटो पाठवला तर मामा खूश झाले. "आठ कान हायत, लई लांबचं ऐकंल." पण त्याला बाहेरून येणारी लाइन लावायचं पोर्ट एकच होतं. अँटेना खोलीत वाय-फाय पसरवतात. बाहेरून किती लाइनी आत घेता येतील, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. दुसऱ्या एका राउटरला अशी दोन पोर्ट होती, पण त्यांचा वेग मामांच्या लाइनीच्या वेगाच्या निम्माही नव्हता. म्हणजे मोठ्या पाइपाला बारीक तोटी.

शिवाय लाइन गेली हे राउटरला कळणार कसं? कंपनी भिंतीवर जो छोटा डबा बसवते, तो इन्व्हर्टरवर चालू राहतो. बाहेर तार तुटली तरी त्या डब्याकडून येणाऱ्या तारेत जीव असतो, आणि साधा राउटर समजतो की सगळं ठीक आहे. मला असा हवा होता, जो बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सारखा हाक मारून बघेल आणि ओ आली नाही तर दुसऱ्या लाइनीवर जाईल. एवढं विचारायला मला तीन दुकानं लागली, कारण पहिल्या दोन ठिकाणी तोंडातून शब्दच नीट निघाले नाहीत.

शेवटी तसा राउटर नांदेडला मिळाला, ऑफिसांना आणि कॅमेऱ्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानात. त्याला अँटेना नव्हतीच. जुना वाय-फायचा डबा त्याच्या पुढे जोडायचा होता. नायगावात मामांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मामींना म्हणाले, "याला कानच न्हाईत."

दोन्ही लाइनी एकदम वापरून वेग वाढवा, असं मुलांचं म्हणणं पडलं. तशी सोयही होती. पण प्रत्येक लाइनीचा इंटरनेटवरचा पत्ता वेगळा असतो, आणि काही परीक्षांच्या साइटवर तोच विद्यार्थी क्षणात दुसऱ्या पत्त्यावरून आलेला दिसला की त्याला बाहेर काढतात. म्हणून मी एक लाइन चालू आणि दुसरी राखीव ठेवली. बहिणीला व्हिडिओ कॉलवर बसवलं आणि चालू लाइनीची तार उपसली. चित्र थोडं थांबलं, मग पुढे चालू झालं. मामांनी मला पाठीत एक धपाटा दिला. मामी चहा ठेवायला गेल्या.

मी सहज गच्चीवर गेलो. तारा येतात कुठून, एवढंच बघायचं होतं. दोन्ही एकाच खांबावरून, एकाच पेटीतून निघून, एकमेकींना बांधून आल्या होत्या.

त्याला कारण होतं. मामींचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही केबलमामा म्हणतो, ते नायगावात दोन्ही कंपन्यांचं काम घेतात. सोयऱ्याचा धंदा असताना परक्याकडून कनेक्शन घेणं आमच्याकडे वाईट दिसतं. घरची पंगत सोडून शेजारी जेवल्यासारखं. केबलमामा चहाला आलेच होते. मी भीतभीत विचारलं, तर त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. पेटीपासून बस स्टँडापर्यंत दोन्ही तारा एकाच चरातून जातात, म्हणाले. बस स्टँडापुढे तेव्हा रस्त्याचं काम चालू होतं आणि जेसीबी खोदत होता.

मी कपाकडे बघत सांगितलं की दुसरी लाइन वेगळ्या वाटेनं यायला हवी. टॉवरवरून गच्चीवरच्या छोट्या डिशवर इंटरनेट देणारा एक जण आहे, त्याची घेतली तर बरं.

"लातूरचं पाणी लागलं भाच्याला," केबलमामा म्हणाले. "घरची तार तुटती, आन् परक्याचं हवेतून येतंय ते टिकतंय."

मामीच भावाला म्हणाल्या, "तू रूस पोटभर. दिवाळीला ओवाळताना मी काढीन तुझा रुसवा. पोरीची मुलाखत होऊ दे."

केबलमामांची एक लाइन राहिली, दुसरीच्या जागी डिश आली. ती बसली त्या दिवशी ते तिकडे फिरकले नाहीत.

मुलाखतीच्या दिवशी लातूरला माझी प्रॅक्टिकल होती, त्यामुळे जाता आलं नाही. सुटल्यावर फोन लावला तर बहिणीचा बंद, मामांचा बंद, मामींचाही बंद. नंतर कळलं की फोन वाजून खोळंबा नको म्हणून मामांनी घरातले सगळे फोन बंद करून ज्वारीच्या कोठीवर ठेवले होते, आणि मुलाखतीतला तिचा नंबर लांबत गेला होता. मी केबलमामांना लावला. रिंग गेली, त्यांनी उचलला नाही. रुसले असतील असं वाटून पुन्हा लावायचा धीर झाला नाही. कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून राहिलो.

ऊन कलल्यावर त्यांचाच फोन आला.

"चरात उतरलो होतो, म्हणून उचलला न्हाई. जेसीबीनं तोडली बघ. दोन्ही कंपन्यांच्या. पोरगी बोलायला बसली आन् तेवढ्यात. पळत अभ्यासिकेत वर गेलो, तर ती आपली बोलूनच राहिली होती. हं, घे, तिच्याशी बोल."

बहिणीला तार तुटल्याचं तेव्हा कळलंच नव्हतं.

"दादा, मधी मॅडमचा चेहरा जरा थांबला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, विचार करून राहिल्या. मग त्यांनी सगळं विचारलं. शेवटी म्हणाल्या, निवड झाली, वसतिगृहात कधी येतेस?"