मामीजींना सोडून मंडईला

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मामीजींना लकवा मारला आणि माझं घराबाहेर पडणं बंद झालं. आमच्याकडे सासूला मामीजी म्हणतात. त्यांचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. वाचेतला एकच शब्द उरला, 'नोको'. पाणी पाहिजे असलं तरी नोको आणि पोट भरलेलं असलं तरी नोको. कोणता नोको हो आहे आणि कोणता नाही, हे त्यांच्या डोळ्यांवरून ओळखायला मला सहा महिने लागले. पुढेही कधीकधी चुकतच असे.

आम्ही जवाहरनगरच्या कॉलनीत तळमजल्यावर राहत होतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. हे फॅक्टरीत होते. सकाळी भोंग्याला सायकलवर निघायचे, संध्याकाळी पाचच्या भोंग्यानंतर यायचे. एकुलते एक. वडील लहानपणीच गेलेले, आईने दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणे करून, धान कापून शिकवलेलं. आईबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. म्हणून मी काही म्हणू शकत नव्हते. वाईट माणसाशी भांडता येतं. हे वाईट नव्हते.

मामीजींना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखम होई. कपडे बदलणं, भरवणं, पुसणं. मी दूध आणायला समोरच्या गल्लीत गेले तरी त्या डाव्या हाताने पलंगाची पट्टी बडवायच्या. तो आवाज मला गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा. खरा यायचा की मनातच वाजायचा, ते आता सांगता येणार नाही.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तीनेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही दिवाळी. माझी मोठी बहीण अर्जुनीकडे दिलेली. तिचा जिल्हा बदलला आणि माझा तोच राहिला, याची घरात थट्टा व्हायची. मी दोन वर्षांत तिला पाहिलं नव्हतं. आईलाही नाही. माझं माहेर साकोलीजवळचं एकोडी. बसने म्हटलं तर दोन-अडीच तास. पण मला ते मुंबईपेक्षा लांब झालं होतं.

आमच्या ब्लॉकमध्ये सहा घरं होती आणि तऱ्हेतऱ्हेची माणसं. समोरच्या दारात तमिळ बाई, माझ्या आईच्या वयाची, सगळे तिला अम्मा म्हणायचे. वरच्या मजल्यावर कलकत्त्याकडची वहिनी, तिच्या बाजूला केरळची नर्स. बाकीचे दोन उत्तर प्रदेशातले आणि सहावे आम्ही. सगळ्यांची दिवाळी वेगळी. कोणाची चतुर्दशीच्या पहाटेलाच उरकायची, कोणाची अवसेला कालीची पूजा. नर्सबाईचा धर्मच वेगळा, तरी ती सगळ्यांच्या पायऱ्यांवर रांगोळी काढत फिरायची. हे सगळं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायचे. गजांतून ताटल्या आत यायच्या आणि माझ्या ताटल्या बाहेर जायच्या. मुरुक्कू आले, नारळाचे लाडू आले. मी अनारसे दिले. दिवाळी घरापर्यंत येत होती, फक्त मला तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं.

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी बंगाली वहिनी खिडकीशी आली. म्हणाली, उद्या आमच्यात चौदा पालेभाज्या खातात, बाजारात मला सातच मिळाल्या, तुझ्या गावाकडच्या कोणत्या असतात सांग. मी सांगितल्या. तरोटा, पातूर, अंबाडी, आणखी दोन-तीन. नालीच्या पलीकडे मोकळ्या जागेत यातल्या बऱ्याच उगवतात, तेही सांगितलं.

"चल ना, दिखा दे," ती म्हणाली. "पाँच मिनिट."

मी आत बघितलं. मामीजी जाग्या होत्या. मी म्हटलं, "तुम ही जाओ, दीदी." ती गेली आणि हातात कसलंतरी गवत घेऊन परत आली. मला हसू आलं, आणि मग रडूही. पाच मिनिटांवरची भाजी मला खिडकीतून शब्दांनी दाखवावी लागली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. समोरची तमिळ बाई तेलाची वाटी घेऊन उभी होती. ह्यांनी दार उघडलं. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही, सरळ मला म्हणाली, "गंगास्नानम् आच्चा?"

मला काय कळणार. मग तिने तिच्या हिंदीत सांगितलं. आज पहाटे आंघोळ झाली का, असं त्यांच्यात एकमेकांना विचारतात. तेल लावून आंघोळ केली की ती गंगेची आंघोळ. "तुम को कौन तेल लगाया?"

"कोई नहीं."

"बैठो."

मी पाटावर बसले. तिने तिळाचं कोमट तेल माझ्या टाळूवर ओतलं आणि दोन्ही हातांनी डोकं चोळायला लागली. दोन वर्षांत मी दुसऱ्याच्या अंगाला रोज हात लावत होते, पण माझ्या डोक्याला कोणी हात लावला नव्हता. मी रडले. तिने चोळणं थांबवलं नाही. मग म्हणाली, "तुम घर कब गया?"

मी दोन बोटं दाखवली. तिला वाटलं दोन महिने. मी म्हटलं, "साल." तिचे हात थांबले.

"भाई आएगा ना? दूज को? जाओ. मैं सास को देखता." ती नेहमी अशीच बोलायची, देखता, करता. "मेरा सास भी ऐसा था. छे साल. मेरे को मालूम."

त्या संध्याकाळी मी ह्यांना विचारलं. दादा भाऊबीजेला येणार होता आणि त्याच दिवशी गावची मंडई होती. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी मंडईशिवाय पुरी होत नाही. गावागावात या जत्रेचा एकेक दिवस ठरलेला असतो, दुकानं लागतात, दिवसाउजेडी दंडार नाचते, आणि गावच्या लेकी झाडून सगळ्या माहेरी येतात.

"समोरच्या अम्मा पाहतो म्हणतेत," मी म्हटलं. "सकाळी जातो, तुमी यायच्या आंधी वापस येतो."

"परक्या बाईच्या हाती मायले देऊ?" हे म्हणाले. "तिले काय समजन मायचं? आपली बोली तरी समजते का तिले?"

"मामीजी बोलतच नाहीत तं बोलीचं काय?"

त्यावर ते हळूच म्हणाले, "यंदा नाही. पुढच्या वर्षी पाहू."

मागच्या वर्षीही ते असंच म्हणाले होते. त्या संध्याकाळी मी तुळशीजवळ पणती ठेवत होते, तेव्हा माझ्या मनात आलं की ही म्हातारी गेली तर मी सुटेन. पणती हातातच राहिली. असा विचार दिवाळीच्या दिवशी, दिवा लावताना. मी आत जाऊन मामीजींचं पांघरूण उगाच नीट केलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं असं मला वाटलं आणि त्यांच्याकडे बघवेना.

भाऊबीजेला फॅक्टरीला सुट्टी नव्हती. हे कामावर गेले. नऊच्या सुमाराला दादा मोटरसायकलवर आला. धानकापणी अर्धी टाकून आला होता. मी त्याला ओवाळलं. तो मामीजींच्या पाया पडायला गेला आणि मोठ्याने, त्या बहिऱ्या असल्यासारखा, म्हणाला, "मामीजी, बाईले मंडईले नेऊन राहिलो. नेऊ ना?"

"नोको," मामीजी म्हणाल्या.

दादाचा चेहरा पडला. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. आज इतक्या वर्षांनीही मला शपथेवर सांगता येत नाही की तो कोणता नोको होता. मला तो हो वाटला. मला तो हो वाटून घ्यायचा होता, असंही असेल.

"हो म्हणून राहिल्या," मी दादाला सांगितलं आणि साडी बदलायला गेले.

अम्मा आधीच येऊन बसली होती. औषध, लंगोट, कुशीवर वळवायची वेळ, सगळं मी दोनदोनदा सांगितलं. शेवटी तिने मला खांद्याला धरून दाराबाहेर काढलं.

मोटरसायकल कॉलनीच्या गेटातून बाहेर पडली. दुतर्फा धान पिवळं झालेलं, कुठे कापून बांधीत पसरलेलं. मी हे दोन वर्षं पाहिलं नव्हतं. पण मला ते नीट दिसलंच नाही. मी मनात मोजत होते, आता वळवलं असेल, आता पाणी पाजलं असेल.

घरी आई अंगणात होती. ती धावत येईल असं मला वाटलं होतं. ती उभी राहिली, माझ्या मागे पाहिलं.

"जवाईबापू?"

"कामावर हायेत."

"आन् बुढीपाशी कोन हाय?"

मी सांगितलं. आईने कपाळाला हात लावला. "काहून आली वो तू अशी? पुसून तरी आली का?"

"पुसलं होतं. नाही म्हणे."

"मंग?"

दोन वर्षं मी आईजवळ बोलायला शब्द जमवून ठेवले होते. ते तिथेच अंगणात राहिले. ताई आली होती, तिने मला जवळ घेतलं, पण तीही कानात म्हणाली, "लवकर निघजो, बापा."

जेवण झाल्यावर मंडईत गेलो. दंडार रंगली होती, ढोलकी जोरात होती, लहानपणच्या मैत्रिणी भेटत होत्या, आणि प्रत्येकीचा एकच प्रश्न होता, सासू कशी आहे. मी दर थोड्या वेळाने दादाचा हात ओढून घड्याळ बघत होते. शेवटी मी एकटीच तलावाच्या काठाच्या पारीवर जाऊन बसले. पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरले होते. पंधरा-वीस मिनिटं बसले असेन. कोणी बोलावलं नाही, काही बडवल्याचा आवाज आला नाही. त्या दिवसात माझ्या वाट्याला आलेली मंडई म्हणजे तेवढीच. अडीच वाजता मी दादाला म्हटलं, चाल.

भंडाऱ्याजवळ वैनगंगेच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती. आम्ही त्यात अडकलो. क्वार्टरशी पोचलो तेव्हा भोंगा होऊन गेला होता आणि ह्यांची सायकल भिंतीला टेकलेली होती. दादा आत यायला निघाला. मी त्याला परत पाठवलं. हे माझं मलाच निस्तरायचं होतं.

आत हे खुर्चीवर बसलेले. पलंगावर मामीजींच्या पाठीला उशा लावून अम्माने त्यांना उठवून बसवलं होतं. मी दोन वर्षांत कधी त्यांना असं बसवलं नव्हतं, मला भीती वाटायची. समोर भात आणि पातळ आंबट सार. मामीजी डाव्या हाताने, स्वतःच्या हाताने जेवत होत्या. सांडत होतं, हनुवटीवरून ओघळत होतं, पण जेवत होत्या. अम्मा फक्त वाटी धरून होती.

मला आधी आनंद झाला नाही. आधी लाज वाटली, आणि तिच्या मागोमाग राग. मी दोन वर्षं घास भरवत होते आणि ही बाई एका दिवसात. अम्मा गेल्यावर ह्यांनी तोंड उघडलं.

"मायले पुसलं होतं का जायच्या आंधी?"

"दादानं पुसलं."

"काय म्हणे?"

"नोको म्हणे."

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू असावं. पण ते दाबून टाकून ते उठले आणि आईचं तोंड पुसायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी ते केलं. माझ्याशी मात्र सहा दिवस बोलले नाहीत. सातव्या दिवशी मीठ मागितलं.

त्यानंतर अम्मा दर बुधवारी दुपारी दोन तास येऊन बसायला लागली. ह्यांनी तिला ये म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही. मी बाजारात जायची, कधी नर्सबाईबरोबर नुसतीच चालून यायची. नर्सबाईने मला मामीजींना उठवून बसवायची पद्धत शिकवली. मामीजी रोज एक जेवण आपल्या हाताने करू लागल्या. पलंग बडवणं बरंच कमी झालं. पूर्ण थांबलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अम्माच्या नवऱ्याची बदली दक्षिणेत झाली. ट्रकमध्ये सामान चढत होतं तेव्हा ती मामीजींजवळ बसून तमिळमध्ये कितीतरी वेळ बोलली. समोरच्या क्वार्टरात नवीन जोडपं आलं, दोघंही नोकरी करणारी. दारं दिवसभर बंद. माझे बुधवार संपले. त्यानंतरच्या दिवाळीला दादा आला नाही, आईनेच त्याला येऊ दिलं नाही म्हणे. नवीन धानाचे पोहे कोणाच्या तरी हाती पाठवले.

मामीजी आणखी दोन वर्षं जगल्या. एका दुपारी जेवून कुशीवर झाल्या त्या परत वळल्या नाहीत. तेरवी झाली, पाहुणे गेले, हे कामावर जायला लागले. मग एका दुपारी मी घराला कुलूप घातलं आणि स्टँडवर जाऊन उभी राहिले. भंडाऱ्याची बस आली. कंडक्टरने विचारलं, "चालायचं का बाई?" मी म्हटलं, "दुसरीनं येतो." दुसरीही आली आणि गेली. मला कोणी अडवलं नव्हतं. पण पायांना दोन तासांच्या पलीकडचं काही ठाऊकच राहिलं नव्हतं. घड्याळ पाहिलं, मामीजींना वळवायची वेळ झाली होती, आणि मी घरी आले.

एकोडीला गेले ती पुढच्या दिवाळीत, भाऊबीज उलटल्यावर. तोवर मंडई होऊन गेली होती.