खणखणीत पाटणकर काकू

इंग्लंडमधल्या लीड्सच्या आमच्या मराठी मंडळात काही विषय कुजबुजतच बोलले जायचे. कुणाचा घटस्फोट, कुणाची गेलेली नोकरी आणि कुणाच्या मुलाचं 'ते डोक्याचं काहीतरी'. पाटणकर काकूंना मात्र कुजबुजताच येत नसे. हॉलच्या किचनमध्ये पुऱ्या लाटता लाटता त्या म्हणायच्या, "अगं, डिप्रेशन म्हण ना सरळ! कांजिण्या म्हणताना लाजतेस का?" आणि बाहेर सतरंज्या घालणाऱ्या पुरुषांच्या माना वर व्हायच्या. आम्ही मुलं त्यांना लाउडस्पीकर काकू म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि बहुधा आवडतही होतं.

काकू मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती मी तेरा वर्षांची असताना. नव्या हायस्कूलला जाण्यासाठी बसस्टॉपवर उभी राहिले की माझे हात गार पडायचे, छाती धडधडायची, श्वास पुरायचा नाही. एका सकाळी मी स्टॉपवरून घरी पळत आले, ती पुन्हा गेलेच नाही. जीपीने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. आई लोकांना सांगायची, "मुक्ताला व्हायरल झालंय." बाबा म्हणायचे, "मार्क तर छान आहेत. मग भीती कसली?"

शेवटी आईने काकूंना फोन केला. त्या ड्युटी संपवून युनिफॉर्मवरच आल्या. मी जिन्यात बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही. शेजारच्या पायरीवर टेकल्या, पिशवीतून मटारच्या शेंगा काढल्या आणि निम्म्या माझ्या मांडीवर ओतल्या. आम्ही दोघी मटार सोलत राहिलो. बऱ्याच वेळाने मीच विचारलं, "काकू, मला वेड लागलंय का?"

"छे गं. तुमच्या घरातला स्मोक अलार्म टोस्ट करपला तरी वाजतो ना? तुझ्या शरीराचं सध्या तसं झालंय. आग नाहीये, पण आवाज खराच आहे. घाबरायला होणारच."

उठताना त्यांनी चक्क हळू आवाजात विचारलं, "हे आईला मी सांगू, की तू सांगशील? गोष्ट तुझी आहे." जगातल्या कुठल्याही विषयावर मोठ्याने बोलणारी ही बाई कुणाचं नाव मात्र कधीच घेत नसे.

शाळेतल्या मीटिंगला त्या आमच्याबरोबर आल्या. बाबा प्रत्येक वाक्याला "थँक यू, व्हेरी काइंड" म्हणत होते. काकूंनी त्यांना थांबवलं आणि मुख्याध्यापिकेला विचारलं, मग नक्की काय करणार? सोमवारी ती कुठल्या दाराने आत येईल? घाबरली तर कुठे बसेल? उत्तरं मिळेपर्यंत त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. सुरुवातीला अर्धाच दिवस शाळा, गर्दी टाळायला बाजूचं दार, आठवड्यातून एकदा काउन्सेलर, असं सगळं ठरलं. कारमध्ये बाबा धुसफुसले, "एवढं भांडायची काय गरज होती?"

"शिरीष, मुलीचा पाय मोडला असता तर तुम्ही शाळेकडे रॅम्प मागितला असता की नाही?"

बाबांनी गाडी सुरू केली.

मग रोजचा सराव सुरू झाला. आधी नुसतं स्टॉपवर उभं राहून परत यायचं. मग बसने पुढच्या स्टॉपपर्यंत. एकदा मी मध्येच उतरून रडत घरी आले, तेव्हा काकू म्हणाल्या, "परत आलीस म्हणजे हरलीस असं कुणी सांगितलं? बस उद्याही येणारच आहे." आली. मीही चढले. वसंतात मी पूर्ण दिवस वर्गात बसू लागले आणि उन्हाळ्यात वर्गाबरोबर समुद्रकाठच्या सहलीला गेले, दोन रात्री, घरापासून दूर. भिजलेल्या बुटांचा फोटो मी आईला पाठवला, तर तिने तो सगळ्या मंडळाला पाठवला.

आता मी नॉटिंगहॅमला रेल्वेत इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी काकू निवृत्त होऊन साताऱ्याला बहिणीकडे कायमच्या निघाल्या. मंडळाने निरोपसमारंभ ठेवला. भाषणं झाली, शाल झाली. मग मी माइक घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मला व्हायरल झालं नव्हतं. मला शाळेची भीती वाटायची. काकूंनी मला परत उभं केलं."

मग मागच्या रांगेतून डॉक्टर साठ्यांची ईशा उठली, आम्हाला सतत जिचं उदाहरण दिलं जायचं ती. "मी जेवणं सोडलं होतं. मलाही काकूंनीच." तिच्या पलीकडे आमच्याच वयाचा रोहन उभा राहिला. मग मंडळातल्या दोघी जुळ्या बहिणी. एकेका घरातून कुणीतरी उठत होतं आणि शेजारचे थक्क होऊन बघत होते. एवढ्या वर्षांत कुणालाच दुसऱ्याचं कळलं नव्हतं. काकू स्टेजवर शाल सावरत रडत होत्या, हसत होत्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची सरकली. बाबा उभे राहिले होते.

"इथे आल्यापासून कित्येक वर्षं ऑफिसच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी कारमध्ये बसून राहायचो," ते म्हणाले. "दार उघडवत नसे. मुक्ता बरी झाल्यावर मीही काकूंकडे गेलो."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. तिला हे ठाऊक नव्हतं. बाबांचा हात घट्ट धरून तीही उभी राहिली.