शालनची वही

फारकतीनंतर सुमती कोल्हापुरात राहिली, जोतीराव गडहिंग्लजला. त्यांची लहानगी लेक शालन रविवारी संध्याकाळी एस.टी.तून वडिलांकडून यायची, पेंगुळलेली, केसांत गुऱ्हाळाचा वास घेऊन.

एका रविवारी सुमतीनं तिला एरंडेल पाजलं आणि पोर दोन दिवस गळून गेली. त्याच सकाळी जोतीरावांनीही पाजलं होतं.

"मग सांगितलं का न्हाईस गं?"

"तुम्ही दोघंबी म्हणता की, तिकडचं इकडं बोलायचं न्हाय!"

शनिवारी सुमतीनं शालनच्या पिशवीत वही ठेवली: "एरंडेल दिलं आहे. पुन्हा नको."

वही परत आली. खाली जोतीरावांचं अक्षर होतं: "बरं. ती झोपेत हसते. तिकडेही हसते का?"

शालन कधीच झोपली होती. सुमती उशाशी वाट बघत बसली. मग तिनं लिहिलं, "हो. आत्ताच हसली."