ओटीवरचा लोखंडी कोच

आमच्या ओटीवर बसलेला पाहुणा हळूहळू जमिनीत जातो, ही बातमी रत्नागिरीभर पसरली ती केवळ माझ्यामुळे.

गोष्ट तीस सालानंतरची. मी तेव्हा कोर्टात कारकून होतो आणि स्वस्थ बसणं माझ्या पत्रिकेतच नव्हतं. वडील गेल्यापासून घरचा कर्ता मी (म्हणजे सगळं आई करायची आणि कर्ता मी म्हणवायचो). धाकटी बहीण सुमी लग्नाची झाली होती. आधीची स्थळं पोहे खाऊन 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच. अशात राजापूरकडचं एक चांगलं स्थळ सांगून आलं. मुलगा मुंबईत नोकरीला! झालं, माझी झोप उडाली. मुंबईच्या मुलाला जाजमावर बसवलं तर सुमी पुढे येण्याआधीच नापास, असं माझ्या डोक्यानं घेतलं.

मुंबईला एका मित्राकडे मी नव्या तऱ्हेचं सामान पाहिलं होतं. नक्षी नाही, सिंहाचे पंजे नाहीत. नुसत्या वाकवलेल्या लोखंडी नळ्या आणि त्यावर गादी. विलायतेत हल्ली सगळे असंच बसतात म्हणे. तसला एक कोच मी आगबोटीने मागवला. आगबोट उभी राहायची लांब समुद्रात, तिथून माल पडावाने किनाऱ्याला यायचा. आमचा कोच आला तो त्यावर ऐसपैस पाय पसरून बसलेल्या दोन खलाशांसकट!

ओटीवर ठेवला तर डुगडुगायला लागला. आमची जमीन मातीची, पिढ्यान्‌पिढ्या सारवलेली आणि तितकीच उंचसखल. पायांखाली खापऱ्या घालून पाहिल्या, नारळाच्या करवंट्या घालून पाहिल्या, कोच हलायचा थांबेना. मग मी ओटीच उकरायला काढली. गडी लावून तांबडी माती पसरली, भरपूर पाणी मारलं, चोपण्यांनी बडवली, वर शेणाने सारवून घेतली. आता चांगली वाळू दे आणि मग पाहुण्यांना बोलाव, असं आई परोपरीने सांगत होती. पण मला कुठला धीर? स्थळ दुसरीकडे जाईल या धास्तीने मी येत्या रविवारी या असा निरोप धाडून मोकळाही झालो होतो.

"मेल्या, जमीन म्हणजे काय पापड आहे, एका उन्हात वाळायला?" आई म्हणाली.

मी ओटीवर येरझारा घालून दाखवल्या. ठसासुद्धा उठला नाही. (माझं वजन तेव्हा ओल्या छत्रीएवढं होतं, हे विचारात घ्यायचं राहिलं.)

रविवारी मुलगा आला आणि त्याचे वडील आप्पा आले. आप्पा म्हणजे भरल्या अंगाचा माणूस. ते सवयीने जाजम शोधू लागले, तर मी दंड धरून त्यांना कोचाच्या एका टोकाला बसवलं. त्यांनी वर पाय घेऊन मांडी घातली आणि आपल्या आंब्याच्या कलमांविषयी सांगायला सुरुवात केली. बोलता बोलता ते तिरके होऊ लागले. आधी मला वाटलं, आवेशाने होत असतील. मग पाहिलं तर त्यांच्या बाजूचा पाय सारवण फोडून आत चालला होता!

तोल साधावा म्हणून मी चटकन दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. माझ्याने काही भागेना, म्हणून मुलालाही आग्रहाने माझ्या बाजूला ओढला. कोच सरळ झाला खरा. पण आता आम्ही तिघेही मिळून खाली निघालो. भिडस्तपणा असा, की बुडण्याचं नाव कोणी काढीना. आप्पा कलमांवरून खतावर आले तेव्हा माझे आणि मुलाचे गुडघे छातीला लागले होते. माजघराच्या दारात आईने कपाळाला हात लावलेला मला दिसत होता.

तेवढ्यात सुमी पोहे घेऊन आली. मान वर करायची नाही, असं मीच तिला बजावलं होतं. वर करायची गरजच पडली नाही, आम्ही खालीच होतो. तिने एकदा पाहिलं, ओठ चावले आणि शेवटी बशा खडखडेपर्यंत खदखदून हसली.

संपलं, मी मनात म्हटलं. पोरीचं लग्न मी माझ्या हाताने पुरलं.

"मुलीला बोलता येतं का?" आप्पांनी गंभीरपणे विचारलं.

"येतं. पण आधी माझा हात धरा आणि उठा," सुमी म्हणाली. "आणखी आत गेलात तर कुदळ आणावी लागेल."

मुलगा फिस्सकन हसला. सुमीने पदर खोचला आणि आप्पांना हात देऊन उभं केलं. ते जाजमावर टेकले, पोह्यांची बशी संपवली आणि दुसरी मागून घेतली.

"मुलगी पसंत आहे," ते म्हणाले. "मात्र लग्न आमच्या दारी. तुमच्या जमिनीचा भरवसा नाही."

लग्न राजापूरला थाटात झालं. कानपिळीच्या वेळी नवरीचा भाऊ म्हणून मी नवऱ्याचा कान पिळला. त्याबद्दल शेला-पागोटं मिळतं. मला फणसाच्या लाकडाचा भला जाड पाट मिळाला. आप्पांनी तो स्वतः मांडला आणि बसा म्हणाले. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मी आधी पायाच्या अंगठ्याने त्यांची जमीन दाबून पाहिली आणि मगच बसलो.