उतारावरचं न्यूट्रल

अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढं हातात पेन आलं ते बचत गटाच्या सहीपुरतं. म्हणून ही वही कधी कुणाच्या हाती लागली तर चुका पोटात घालाव्यात. वही मुलीची आहे. ती सासरी गेली तेव्हा मागची पानं कोरी राहिली होती, ती रद्दीत घालवेनात.

चारचौघांत मला बोलता येत नाही. घरी कुणी आलं की मी चहा ठेवून आत जाते. लिहिताना कुणी तोंडाकडं बघत नाही, एवढंच सुख आहे.

आम्ही औशात राहतो. आमचे हे पंचवीसाहून जास्त वर्षं ट्रक चालवतात. गाडी आमची नाही, लातूरच्या एका व्यापाऱ्याची आहे. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. कपाळाला भस्म, बोलणं गोड आणि हिशेब पक्का. अप्पांच्या पाच गाड्या. लातूरहून सोयाबीनची पेंड भरून नांदेडच्या पशुखाद्याच्या कारखान्यात टाकायची आणि येताना रेल्वेच्या मालधक्क्यावरून खताची पोती आणायची, हे ह्यांचं नेहमीचं काम.

ट्रकवाल्यांत एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मालक फेरीला डिझेल ठरवून देतो. कमी पडलं तर ड्रायव्हरच्या पदरचं, उरलं तर ड्रायव्हरचं. ह्यात चोरी नाही. मालकाला सगळं ठाऊक असतं, तो पगारच त्या हिशेबानं कमी देतो. म्हणून ड्रायव्हर डिझेल जपतो. उतार लागला की गिअर काढायचा, न्यूट्रल करायचं आणि गाडी तिच्या वजनानं जाऊ द्यायची. जिवाला धोका असतो, पण सगळे करतात. लातूर ते नांदेड कुठं किती उतार आहे हे ह्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येईल. आमचं घर पगारावर चाललं आणि पगाराबाहेरचं सगळं त्या उतारांवर.

चार-पाच वर्षांमागं ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डिझेलच्या गाडीचे हादरे सोसून सोसून मणका झिजला होता. पैसा नव्हता. तेव्हा जळकोटला दिलेली माझी थोरली बहीण, तिला मी अक्का म्हणते, तिनं दोन दुभत्या म्हशी विकून पैसे आणून दिले. कागद नाही, व्याज नाही. "होतील तवा दे," एवढंच म्हणाली.

पण त्या म्हशींचं दूध डेअरीला घालून अक्का स्वतःचा खर्च भागवायची. म्हशी गेल्या आणि तिला मुला-सुनेपुढं हात पसरायची वेळ आली. तिनं हे मला सांगितलं नाही. एकदा ती आमच्याकडं रिकाम्या हातानं आली. ती कधी तशी येत नाही, दोन लिंबं तरी आणतेच. मी विचारलं नाही, तरी तीच म्हणाली, "पोरानं तिकिटापुरतेच दिले बग." त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

आम्ही दर महिन्याला देत होतो. डिझेलमधलं जे उरेल ते तसंच्या तसं अक्काला. निम्मे फिटले होते, तेवढ्यात अप्पांनी बॅटरीवरची गाडी घेतली.

गाडी आली त्या दिवशी अप्पांनी काचेला भस्म लावलं, नारळ फोडला आणि चावी ह्यांच्या हातात दिली. म्हणाले, "उस्ताद, ही तुमची. तुमच्या पाठीला हादरा बसणार न्हाई. पगार दोन हजारानं वाढवतो. आता डिझेलचा विषय संपला."

मान मिळाला आणि त्याच वाक्यात वरचा पैसा गेला. हे नाही म्हणू शकले नाहीत. बाकीच्या गाड्या लांब पल्ल्याला, विशाखापट्टणमपर्यंत जायच्या. तेवढं बसणं आता ह्यांच्या पाठीला झेपत नव्हतं. वाढलेले दोन हजार घरातच जिरले. आधी जे उतारावर मिळायचं, त्याच्या ते निम्मेही नव्हते. अक्काचा हप्ता थांबला.

संध्याकाळी शेजारचा ड्रायव्हर ओट्यावर यायचा. तो डिझेलवाला, ह्यांच्या करंटवरच्या गाडीला मिक्सर म्हणून हिणवायचा.

"उस्ताद, आज मिक्सर कुठवर गेला?"

"नांदेडपस्तोर," हे म्हणायचे.

"आन् परत कुणी ढकलून आणला?"

"तुझ्यावानी रस्त्यात वंगण तर गाळत न्हाई ना माझी गाडी."

"वंगण गाळंल, धूर सोडंल, पण माझी घरी येती. बघत राहा, दोन पावसाळ्यांत तुमची करंटवाली भंगारात जाती का न्हाई."

"तू बघ, दहा वर्षांत तुझं डिझेल औषधाला मिळणार न्हाई."

तो गावात असला की असं रोज चालायचं. मी आतून ऐकायची आणि कोण खरं बोलतोय ते मला कळायचं नाही. ह्यांना तरी कळत होतं का, देव जाणे.

कारण गाडीत चार्जिंग पुरत नव्हतं. गाडी द्यायला आलेल्या कंपनीच्या माणसानं जेवढं सांगितलं होतं त्याच्या कितीतरी आधी बॅटरी उतरायची. नांदेडला पोचेपर्यंत काटा तळाला. दोनदा लोह्याच्या पुढं गाडी बंद पडून ओढून न्यावी लागली. अप्पांना सगळं लातुरात बसून मोबाईलवर दिसायचं.

"उस्ताद, कंपनीवाला म्हणतो गाडीत खोट न्हाई, चालवणारा बघा," अप्पा एकदा फोनवर म्हणाले. फोनचा आवाज मोठा होता, मला ऐकू आलं. "मी दिवाळीपस्तोर थांबतो. मग दुसरा माणूस बसवावा लागंल. राग मानू नका."

ह्यांनी राग मानला नाही. दुसऱ्या दिवसापासून आणखी जपून चालवायला लागले. पंखा बंद, रेडिओ बंद, आणि बारीक उतार दिसला तरी न्यूट्रल. जितकं जपावं तितकं कमीच पडायचं. नोकरी गेली असती तर अक्काचे राहिलेले पैसे मी कुठल्या तोंडानं बुडवणार होते?

त्यात आईचं वर्षश्राद्ध आलं. माझं माहेर उमरी. अक्का तिथं येणार, आणि मी चार महिन्यांत तिला एक रुपया दिलेला नाही. जाऊ नये असं वाटत होतं. हे म्हणाले, "गाडीतून चल नांदेडपस्तोर, तिकडून रेल्वेनं उमरीला जा. एका बाजूचं भाडं तर वाचंल."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्या शेजारी ट्रकमध्ये मी पहिल्यांदाच बसले. वर चढताना लाज वाटली, हमाल बघत होते. गाडी निघाली तर आवाजच नाही. डिझेलच्या गाडीचा वास आमच्या घरातल्या कपड्यांनासुद्धा यायचा, इथं तोही नाही. समोर एक काच, तिच्यावर आकडा. चार्जिंग किती राहिलं ते टक्क्यांत. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. दुसरं करायला काही नव्हतं, मी आकडा बघत राहिले.

आकडा हळूहळू उतरत होता. उतार लागला की हे गोल बटण फिरवून न्यूट्रल करायचे, तेव्हा आकडा थांबायचा. पुन्हा चढ आला की उतरायचा. चाकूर गेलं, शिरूर गेलं. हे आकड्याकडं बघायचे आणि मी त्यांच्याकडं.

अहमदपूर सोडल्यावर मोठा उतार आहे. उताराच्या तोंडाशीच मेंढरांचा कळप आडवा आला. ह्यांनी पाय उचलला, हॉर्न दिला, मेंढक्याला दोन शिव्या घातल्या. त्या गडबडीत बटण फिरवायचं राहून गेलं. ब्रेक न मारताच गाडी आपोआप जड झाल्यासारखी हळू झाली. कळप पार होईपर्यंत गाडी तशीच उतरत होती. आणि मी बघितलं, एकेचाळीस होते ते बेचाळीस झाले.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मघाशी बेचाळीसच असतील. त्यांच्या गाडीतलं मी कधी काही बोलत नाही. लोहा जवळ येईपर्यंत मनात घोळवत बसले. शेवटी म्हटलं, "मघा आकडा वाढला होता."

"कुठला आकडा?"

"हा. मेंढरं आली तवा. एकचा दोन झाला."

"बॅटरीचा आकडा वाढत असतो व्हय? डिझेल कधी टाकीत आपोआप वाढलंय का?"

थोडं पुढं गेल्यावर पुन्हा उतार आला. ह्यांचा हात बटणाकडं गेला आणि तिथंच थांबला. बटण फिरवलं नाही, नुसता पाय उचलला. गाडी पुन्हा जड झाली. उतार लांब होता. खाली पोचेपर्यंत आकडा एकानं वाढला.

ह्यांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "त्यानं सांगितलं होतं. कंपनीच्या त्या माणसानं. उतरताना गाडीच करंट बनवती म्हणला होता. हिंदीत भराभर बोलत होता, आम्ही समदे हसलो. आम्हाला वाटलं गाडी इकायला कायबी सांगून राहिलाय."

"मग आता कळलं ना," मी म्हटलं.

"पंचवीस वर्षं न्यूट्रल मारून पोट भरलं. त्यानंच मला खाल्लं." त्यांना आनंद झाला नव्हता. नुसते थकून गेले होते. पाणी प्यायले आणि गाडी काढली.

त्या दिवशी नांदेडला पोचलो तेव्हा काट्यावर रोजच्यापेक्षा जास्त शिल्लक होतं.

उमरीला अक्का भेटली. तिनं पैशाचा विषय काढला नाही, उलट माझ्याच ताटात वाढत राहिली. तिची सून मात्र सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मावशी, तुमची गाडी आता करंटवर चालती म्हणं. मग आमचे पैसे बी तारंतूनच येणार का?" बायका हसल्या. मी खाली मान घालून पत्रावळी गोळा केल्या. अक्का हसली नाही, एवढं मी बघितलं.

आठ दिवसांनी अप्पांचा फोन आला. "उस्ताद, काय जादू केली? नांदेडला निम्म्यानं चार्ज करून राहिलाव."

ह्यांनी सगळं सांगितलं. आकडा वाढताना मी बघितला हे सांगितलं नाही, आणि तेच बरं झालं, मला अप्पांपुढं उभं राहावं लागलं असतं. पण त्या दिवशी ह्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. म्हणाले, "अप्पा, डिझेलातलं उरलेलं आमचं असायचं. ह्यातलं उरलेलं कुणाचं?"

अप्पा हसले. "करंट काय कॅनमधी भरून इकणार का, उस्ताद?"

"मी न्हाई इकणार. पण तुमचं चार्जिंगचं बिल कमी आलं का न्हाई?"

मग अप्पा म्हणाले, "बिलाचं बघतो. शब्द देत न्हाई." महिनाअखेरीस त्यांनी बिल काढलं, आधीच्या बिलाशी ताडून बघितलं आणि जो फरक निघाला त्यातला निम्मा ह्यांच्या हातावर ठेवला. दुसऱ्या ड्रायव्हरांना शिकवायचं, ही अट. डिझेलमध्ये सुटायचं त्याच्या निम्मंही नव्हतं ते. पण होतं. अक्काचा हप्ता परत सुरू झाला, फक्त आधीपेक्षा लहान. जे एका वर्षात फिटायचं त्याला अडीच वर्षं लागली.

आता अप्पांनी अशी दुसरी गाडी घेतली आहे. शेजारचाच तिच्यावर बसतो, आणि तोही आता मिक्सर म्हणत नाही. लांबच्या तीन गाड्या डिझेलवरच आहेत. लोक ओट्यावर येऊन ह्यांना विचारतात, डिझेल खरंच जाणार का हो? हे म्हणतात, "नांदेडच्या रस्त्यावरून जाईल. विशाखापट्टणमच्या रस्त्यावर मला काय दिसतंय?" मला वाटतं, जाईल तेव्हा जाईल. गाडी कशावर चालते त्यानं पेंडीचं पोतं हलकं होत नाही, आणि पहाटे चारला उठून डबा करायचा तो मीच करते. एवढं खरं की हे रात्री घरी असतात आणि पाठीला शेक द्यावा लागत नाही. तरी त्या जुन्या उतारांवर जो पैसा सुटायचा, तो मला अजून आठवतो. हे कुणाला सांगितलं तर हसतील.

परवा शेवटचे पैसे घेऊन मी एकटीच जळकोटला गेले. अक्का दारात शेंगा निवडत बसली होती. मी रुमाल सोडून नोटा तिच्या मांडीवर ठेवल्या.

"मोज," मी म्हटलं.

"तुझे पैसे मोजू व्हय मी?"

"मोज अक्का. मला बरं वाटंल."

तिनं मोजले. बोट ओलं करून, एकेक नोट. सून दारात उभी राहून बघत होती. मोजून झाल्यावर अक्का म्हणाली, "बरुबर हायेत," आणि जरा वेळानं, "आता माझ्याकडं यायला काय कारण सांगशील गं?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. अक्कानं एक नोट बाहेर ठेवून बाकीच्या कमरेच्या पिशवीत घातल्या, नाडी ओढून गाठ मारली आणि वळूनही न बघता सुनेला म्हणाली, "चहा टाक, दोघींचा. दूध वाण्याकडून आण, हे घे पैसे."

सगळे फिटले.